वरच्या घराचं पाणी

नागम्माचं पत्र पोस्टानं आलं होतं, आणि त्याचं उत्तर धम्मानंदांनी दिलं नव्हतं. नागम्मा त्यांच्याच गल्लीत राहायची, नौबादच्या उतारावर, चार घरं खाली. तिला हाक मारून सांगता आलं असतं, दारात उभं राहून भांडताही आलं असतं, गल्लीत तशी पद्धतच होती. पण धम्मानंद सरांशी कुणी तोंडानं बोलायला गेलं की सर चष्मा काढून पुसायला लागायचे आणि बोलणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून गल्लीनं आपसांत ठरवून टाकलं होतं, की सर आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांत राहिलेले, त्यांना सगळं लिहून दिलेलं बरं. गॅसवाला चिठ्ठी टाकून जायचा, दूधवालाही. नागम्मा कानडी घरातली, तिला मराठी बोलता यायचं पण लिहिता यायचं नाही. तिनं आपल्या उदगीरकडच्या सुनेला, पल्लवीला, बसवून पत्र लिहवून घेतलं होतं आणि त्याला तिकीट लावून, मोठ्या माणसाला पाठवतात तसं, पेटीत टाकायला लावलं होतं. ते बिदरच्या मोठ्या पोस्टात जाऊन, शिक्का खाऊन, दोन दिवसांनी चार घरं वर चढून आलं. ‘सर, नमस्कार. तुमच्या छताचं पाणी पाइपातनं रस्त्यावर येतं. रस्ता आता सिमेंटचा झालाय, म्हणून ते कुठं थांबत नाही, सरळ आमच्या उंबऱ्याच्या आत येतं. भांडण नाही. पाणी आलं की आम्ही नातीचं दप्तर कोनाड्यात ठेवतो आणि सगळे बाजेवर बसतो. काही करता आलं तर बघावं. चहाला यावं. नागम्मा.’ एवढंच होतं. मागच्या वर्षी पोळ्याच्या आसपास आलेलं पत्र. आणि आज पुन्हा किल्ल्याच्या बाजूनं आभाळ काळंभोर होऊन येत होतं, दुपारीच घरात दिवा लावावा लागला होता, आणि धम्मानंद खिडकीशी उभे राहून घराच्या कडेला मांडलेल्या सहा निळ्या टिपाडांकडं बघत होते.

उत्तर लिहायला ते बसले नव्हते असं नाही. पुष्कळदा बसले. पण कागदाच्या वरच्या कोपऱ्यातच गाडी अडायची. कुणाला लिहायचं? ‘आदरणीय नागम्माबाई’ लिहिलं की ते नोटिशीसारखं दिसायचं. ‘नागम्मा यांस’ लिहिलं तर सरकारी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. पोरंसोरं, भाजीवाला, खुद्द सरांच्या पत्नी इंदिराबाईसुद्धा. पण तो शब्द लिहायला गेलं की धम्मानंदांची बोटं थांबायची. आपल्याला कुणी सांगितलंय तिला बहीण म्हणायला? गावात, कमलनगरच्या पलीकडं, त्यांचे वडील, नरसिंग, पाटलाच्या शेंबड्या पोरालाही मालक म्हणायचे. छप्पन साली गावच्या वस्तीनं धम्म घेतला, पुढच्या वर्षी मुलगा झाला, आणि नरसिंगांनी कुठल्याशा भाषणात ऐकलेलं भलंमोठं नाव त्याला देऊन टाकलं. घरातलं पहिलं नवं नाव. नाव नवं झालं तरी हाक मारायचे शब्द एकदम नवे कुठून येणार? मालक सुटलं, आणि त्याच्या जागी काही आलंच नाही. धम्मानंदांनी पुढं सगळ्यांना ‘साहेब’ म्हणून निभावून नेलं, नाहीतर नुसती मान हलवून. ग्रंथालयात त्यांचं छान जमायचं. तिथं शांतता राखायची पाटीच होती.

‘आम्ही बाजेवर बसतो.’ पत्रातल्या या ओळीपाशी ते नेहमी थबकायचे, कारण ती ओळ त्यांना पाठ होती, पत्र यायच्या कितीतरी आधीपासून. त्यांचं गाव उतारावर, आणि वस्ती उताराच्या शेवटाला. पाऊस पडला की गावभरचं पाणी, गोठ्यातलं, अंगणातलं, मोऱ्यांतलं, गढूळ होत होत त्यांच्या दारातनं जायचं, आणि जाताजाता आत यायचं. आई आधी पिठाचा डबा वर ठेवायची, मग वडिलांनी रेल्वेच्या गँगमध्ये कामाला असताना डब्यांतून गोळा करून आणलेली रद्दी आणि पुस्तकं फळीवर चढवायची, आणि शेवटी त्याच फळीवर धम्मानंदला. “बस तिथं. हलू नको,” म्हणायची. हलायची इच्छाही नसायची. खाली तांबडं पाणी, त्यात एखादी चप्पल, गवताच्या काड्या, कुणाच्या तरी लग्नातली पत्रावळ तरंगत चाललेली, आणि वर फळीवर, पत्र्याच्या अगदी जवळ, जिथं पावसाचा आवाज एवढा मोठा की दुसरं काही ऐकू येऊ नये, तिथं तो पोटावर पडून जे हाताला लागेल ते वाचत असायचा. फाटकं रेल्वेचं वेळापत्रक, अर्धी कादंबरी, खताची जाहिरात. खाली आई सुपानं पाणी काढताना रडायची का, हे त्याला कधी कळलं नाही. त्याला वाचनाची गोडी लागली ती त्या पाण्यानंच लावली, असं म्हणायला हवं, आणि असं म्हणायची त्यांना लाज वाटायची. कारण त्या वेळी त्याला आनंद व्हायचा. पाऊस आला की फळी.

म्हणून निवृत्तीच्या वेळी नौबादला प्लॉट घ्यायचं ठरलं, तेव्हा म्हातारे नरसिंग काठी टेकत आले, गल्लीच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी खालपर्यंत नजर टाकली, थोडं थुंकले आणि म्हणाले, “ह्योच घे. समद्यात वरचा. आपल्या दारात आता कुणाचंबी पाणी येऊ न्हाई.” घर बांधलं. पुस्तकांना ओल लागू नये म्हणून अंगणभर शहाबादी फरशी घातली, छताला मोठा पाइप बसवून त्याचं तोंड रस्त्याकडं काढलं. वडील त्या घरात दोन पावसाळे राहिले. पाऊस आला की खुर्ची ओढून दारात बसायचे आणि आपल्या छताचं पाणी धो धो करत खाली जाताना बघायचे, सिनेमा बघावा तसं. तेव्हा गल्ली मुरमाची होती, निम्मं पाणी तीच पिऊन टाकायची. पुढं सिमेंट झालं. पाणी खाली कुणाकडं जातं, हा प्रश्न त्या दाराच्या खुर्चीत कधी कुणाला पडला नाही. धम्मानंदांनाही नाही. आणि मग ते पत्र. वाचल्यावर त्यांना जी लाज वाटली तिच्या तळाशी एक बारीकसा, न सांगण्याजोगा फुगाही होता: आपण वर आहोत. आपलं पाणी दुसऱ्याच्या घरात जाऊ शकतं. त्या फुग्याची त्यांना इतकी भीती वाटली की त्यांनी खालच्या गल्लीतनं जाणंच सोडलं. पोस्टात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडं ते मागच्या बाजूनं, लांबचा वळसा घेऊन जायला लागले. इंदिराबाई म्हणायच्या, “नागम्मा अक्का रोज इचारायल्यात, सर दिसनात कामून? मी काय सांगू? लपायल्यात म्हनू?”

यंदा आषाढात पाणी पुन्हा एकदा तिच्या घरात गेलं, तेव्हा मात्र धम्मानंदांना जेवण गेलं नाही. त्यांना जे जमतं ते त्यांनी केलं, म्हणजे वाचलं. छताचं पाणी टिपाडांत धरायचं, एक भरलं की नळीनं दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. सगळं छत मावत नाही, पण पावसाचा पहिला लोंढा, जो खालच्याच्या उंबऱ्यावर धडक मारतो, तो अडतो. उरलेलं संथ जातं. भिंतीकडच्या फरशीची एक रांग उचकटून माती उघडी करायची, तीही थोडं पिते. वाचायला सोपं होतं. इंदिराबाई लेकीकडं, प्रियंकाकडं, कलबुर्गीला गेल्या होत्या ती संधी साधून ते बसनं हुमनाबादला गेले. तिथं हायवेला, ढाब्यांच्या रांगेमागं, कारखान्यांतली जुनी टिपाडं विकणारा एक माणूस होता. “ह्यात आधी काय होतं?” एवढं विचारायचं धम्मानंदांनी बसमध्ये घोकून ठेवलं होतं. पण त्या माणसानं “या साहेब, बसा साहेब” करत खुर्ची पुढं केली आणि ते चष्मा पुसायला लागले. तो आपणहून म्हणाला, “खायच्याच मालाचं है, बेफिकीर राहा.” यावर आणखी विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं. झाकणं घट्ट होती. घरी आणून बाहेरून नळी मारली, आत दोन तांबे पाणी हिंदकळवून सांडलं, प्लंबरकडून तोट्या बसवून विटांच्या ओट्यावर चढवून घेतली. इंदिराबाई परत आल्या आणि बघतच राहिल्या. “अवो, हे काय दुकान टाकलासा व्हय?” पण मग पावसानं ओढ दिली. पंधरा दिवस थेंब नाही. टिपाडं निळीशार, कोरडी, आणि त्यांच्या बुडाशी मुंग्यांची रांग. “तुमच्या टिपाडाला मुंग्या कामून लागल्यात?” इंदिराबाईंनी विचारलं. धम्मानंदांना वाटलं, पाऊस यायचं लक्षण असेल.

आता तो आला. आधी फरशीवर मोठे मोठे ठिपके, मग एकदम सगळं पांढरं. छतावर आवाज उठला आणि धम्मानंद अंग चोरून उभे राहिले. सहा टिपाडं. छत केवढं. आकडे त्यांनी अनेकदा मांडले होते आणि दर वेळी ते टिपाडांच्या विरुद्ध जायचे. आज पाणी त्या उंबऱ्याच्या आत गेलं, तर त्या पत्राला उत्तर उरणारच नाही. मग कुठल्या तोंडानं लिहायचं, की बाई, मी पुस्तक वाचून उपाय केला होता? मग लांबचा वळसा मरेपर्यंत. पाइपातनं पहिली धार पहिल्या टिपाडात पडली, पोकळ, ढोलावर थाप पडावी तशी. त्यांनी डोळे मिटले. आवाज चढत गेला, बारीक होत गेला, जसा घागर भरताना होतो, आणि एका क्षणी थांबला. मग नळीतनं दुसऱ्या टिपाडात थाप. पहिलं भरलं! मग दुसऱ्याचा आवाज चढायला लागला, मग तिसऱ्याचा. त्यांना फळीवरचा पत्रा आठवला, तसाच आवाज, तसाच सगळ्या जगाला बुजवून टाकणारा, आणि त्याच्या आत तसाच तो चोरटा आनंद. फक्त या वेळी खाली कोण पाणी काढत असेल हे त्यांना माहीत होतं. नाव माहीत होतं, कोनाडा माहीत होता. चौथं भरलं. पाचवं. “पड आता थोडा हळू,” ते पावसाला म्हणाले, मोठ्यानं, आणि आपणच बोललो म्हणून दचकले. सहावं भरलं आणि त्याच्या वरच्या नळीतनं पाणी उघड्या मातीत, मातीतनं रस्त्यावर जायला लागलं. धारेला जोर नव्हता. पण तिचा रंग.

त्यांनी चष्मा पुसला. पाणी गुलाबी होतं. छताची धूळ असेल, लाल माती असेल, बिदरची माती लालच. पण हा लाल नव्हे, हा लग्नातल्या पाहुणचाराचा गुलाबी. आणि खिडकीच्या फटीतनं, ओल्या मातीच्या वासातनं वाट काढत, गोड, दाट, ओळखीचा वास आत आला. गुलाबाचं सरबत. क्षणभरात त्यांना सगळं कळलं: हुमनाबादचा कारखाना, खायचा माल, घट्ट झाकणं, तळाशी वाळून बसलेला पाक, मुंग्या. तेवढ्यात खालच्या गल्लीतनं आरडाओरडा ऐकू आला. बायकांचा आवाज, पोरांचा, कुणीतरी थाळी वाजवल्यासारखं. धम्मानंद आतल्या खोलीत गेले आणि पुस्तकांच्या कपाटाला पाठ लावून बसले. झालं. नुसतं पाणी जात होतं तेव्हा बरं होतं, आता रंगवून पाठवलं. “इंदिरा,” ते म्हणाले, “मी घरात नाही म्हणून सांग.” इंदिराबाई तोपर्यंत छत्री घेऊन दारात पोचल्या होत्या. “पावसात कुठं गेलात म्हनू? पव्हायला?”

पाऊस कमी झाला तसे आवाज जवळ आले. मग फाटक वाजलं, मग अंगणात बरीच पावलं. कपाटाशी बसल्या बसल्या त्यांना पल्लवीचा आवाज ओळखू आला, आणि त्याच्यावर चढलेला नागम्माचा, भांडं आपटावं तसा खणखणीत. “सर कुठंयत? सरास्नी बोलवा ओ! औंदा पाणी गोड करून सोडलंय व्हय?” आणि मग जे झालं ते त्यांना आधी समजेना. हसणं होतं ते. इंदिराबाई हसत होत्या, असं पोट धरून त्यांना हसताना त्यांनी प्रियंकाच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. ते उठले. दारापर्यंत आले. नागम्मा साडीचा काचा मारून टिपाडांसमोर उभी होती, साठीची, आडव्या बांध्याची, कपाळाची विभूती पावसानं अर्धी धुऊन गेलेली. तिच्यामागं पल्लवी, फोनवर कुणाला तरी सांगत होती, “अगं खरंच, सगळी गल्ली सरबतावानी वास मारायली!”

“पाणी,” धम्मानंद म्हणाले. “पाणी आत…”

“पायरीपातूर आलं,” नागम्मा म्हणाली. “पायरीला लागलं, वळलं, नालीत गेलं. आत थेंब न्हाई. मी दप्तर उचलून उभी, आता येतंय, मग येतंय! आलं न्हाई, सर. वास आला निस्ता. मी म्हनलं पल्लवीला, ह्यो सरांचा जबाब आला बग.”

“अत्तर लावून पाठवलाय,” पल्लवी म्हणाली, आणि सासू-सुना पुन्हा हसायला लागल्या.

“मला ठाऊक नव्हतं,” धम्मानंद म्हणाले. “टिपाडांत आधी सरबताचा पाक होता. मी विचारलं नाही.”

“कामून इचारतील? इचारलं तर बोलावं लागतंय की,” इंदिराबाई म्हणाल्या.

नागम्मानं शेवटच्या टिपाडाची तोटी सोडली, ओंजळ धरली, पाणी तोंडावर मारलं. मग, पोरीनं करावं तसं, ओल्या बोटांची टोकं सरळ तोंडात घातली आणि चव घ्यायला डोळे बारीक केले. धम्मानंदांनी इंदिराबाईंकडं बघितलं, इंदिराबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. गावच्या विहिरीवर त्यांची आई दोरी धरायच्या जागेपासून लांब उभी राहून, कुणी वरून ओतेल याची वाट बघत तासन्‌तास थांबायची. आणि इथं ही बाई त्यांच्या छताचं, त्यांच्या टिपाडाचं पाणी चाखत उभी, आणि तिला आपण काही करतोय याचा पत्ताही नाही. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं, आणि दुसऱ्या श्वासात त्यांना छतावरची कबुतरं आठवली.

“अक्का!” ते ओरडले. “थुंका, थुंका! कबुतरं बसत्यात वर! अक्का, थुंका आधी!”

आयुष्यात ते एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. नागम्मानं भान ठेवून बाजूला जाऊन थुंकलं, पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडं वळून बघत राहिली. “बगा की ओ,” ती इंदिराबाईंना म्हणाली, “सरांस्नी आवाज है.” मग त्यांना म्हणाली, “कबुतराचं खाऊन कोन मरतंय. पर झाडाला चालंल न्हवं? मोगरा वाळलाय माझा. दोन घागरी नेते.” आणि घागरी आणायला सुनेला पिटाळून ती ओट्याच्या विटांवरच बसली, इंदिराबाईंशी मुंग्यांचं काय करायचं ते बोलत. धम्मानंद तिथंच उभे राहिले. आत जायला हवं असं त्यांना वाटलं नाही. समोरच्या घरचे बसवंतप्पा फाटकातनं डोकावून विचारून गेले, अशी टिपाडं कुठं मिळतात, आणि सरबतवालीच पाहिजेत की साधीही चालतील. धम्मानंदांनी त्यांना हुमनाबादचा पत्ता सांगितला, ढाब्याच्या खुणेसकट, चष्मा न पुसता. “पण आत काय होतं ते विचारून घ्या,” असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. वरच्या कोपऱ्यापाशी काही अडलं नाही. ‘अक्का, तुमचं पत्र पोचलं. उशीर झाला. छताचं पाणी धरायला लागलोय, सगळं धरता येत नाही, पण पहिला लोंढा धरतो. बसवंतप्पाही टिपाडं आणणार म्हणतात. गुलाबी रंग दोन-तीन पावसांत जाईल असं वाटतं. लहानपणी पाणी आलं की मीही असाच फळीवर बसायचो. चहाला येतो. तुमचा, धम्मानंद.’ ‘तुमचा’च्या पुढं काय, भाऊ की आणखी काही, यावर ते थोडे रेंगाळले, मग तसंच ठेवलं. इंदिराबाईंनी खांद्यावरनं वाचलं. “चार घरं खाली जाऊन तोंडानं सांगा की.” “पत्र पोस्टानं आलं होतं,” ते म्हणाले, “पोस्टानंच जाईल.”

आणि वर्षात पहिल्यांदा ते वळसा न घेता खालच्या गल्लीनं निघाले. सिमेंट धुऊन लख्ख झालं होतं, कडेच्या चिरांत कुठंकुठं अजून गुलाबी डाग होते आणि त्यांवर मुंग्यांची जत्रा भरली होती. नागम्मा दारात बसून नातीची वेणी घालत होती. उंबऱ्याच्या आत जमीन कोरडी होती. त्यांना ती बघायची नव्हती, पण बघून झाली.

“सर! सकाळच्या पारी कुठं निघालासा?”

“पोस्टात.”

“कुनाला पत्र?”

धम्मानंद थांबले. “तुम्हालाच.”

नागम्माच्या हातातली वेणी सुटली. “अय्यो! मग द्या की हिकडं!”

“नाही अक्का. येईल ते. परवापर्यंत येईल.”

“काय लिवलंय ते तरी सांगा!”

“चहाला येतो म्हणून.”

“मग आता या की आत, चहा ठेवते!”

“पत्र पोचल्यावर,” धम्मानंद म्हणाले, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. मागून नागम्मा नातीला कानडीत काहीतरी सांगत होती आणि ती पोर खिदळत होती. कोपऱ्यावर पेटी होती. पावसानं तिचं तोंड ओलं झालं होतं, म्हणून त्यांनी ते बाहीनं पुसून घेतलं, कार्ड आत सरकवलं, बोटं जातील तेवढी आत घातली, आणि सोडून दिलं.